'आमी' म्हणणारा एकटा माणूस

दिगंबरराव गेल्याचं मला दूधवाल्याकडून कळलं. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा होऊन आठवडाही झाला नव्हता. इतकी वर्षं आम्ही एकाच कोर्टात, ते सरकारी वकील आणि मी लेखनिक, पण त्यांच्या घरून निरोप आला नाही. तक्रार कसली करू... अलीकडे मीच त्यांना टाळत होतो.

माणूस ताडकळसचा. काळा कोट चढवला की पुस्तकी बोलायचे, उतरवला की गावचं. संध्याकाळी एकटेच निघाले तरी म्हणायचे, "आमी निघालाव, तुमचं चालू द्या." मी चिडवायचो, "आणखी कोण आहे सोबत?" तर म्हणायचे, "आमच्याकडं येकला माणूस बी आमीच म्हनतो. मी म्हनलं की गुर्मी वाटती."

अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीनंतर ती केस आली. पेडगावच्या पलीकडच्या एका खेड्यात दलित कुटुंबाचं घर जळालं होतं. जाळणारे बड्या घरचे, ते पांगले. सापडला सोपान, ऊसतोडीला जाणारा गडी. तिथं कशाला गेला होतास, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर तो म्हणाला, "आमी गेल्तो साहेब. आग इझवायला." मी ते शुद्ध करून उतरवलं : 'आम्ही गेलो होतो.'

साक्षीदार फुटले होते, केस पडणारच होती. शेवटच्या युक्तिवादाला दिगंबररावांनी माझीच ओळ वाचून दाखवली. "एकटा माणूस 'आम्ही' म्हणेल का? हाच तो जमाव, साहेब! आणि सध्याचे दिवस पाहता हा सुटला, तर उद्या जिल्हाभर घरं पेटतील." न्यायाधीश कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. सोपानचा वकील नवखा, तो गप्प बसला. मला सगळं कळत होतं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. सोपानला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि तो तुरुंगात असतानाच त्याची आई गेली.

"घर जळालंय, कुनाला तरी शिक्षा व्हायलाच पाहिजे की," दिगंबरराव बाहेर येऊन म्हणाले. जिचं घर जळालं ती बाई वऱ्हांड्यातच बसली होती. खरे जाळणारे मोकळे राहिले हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मला दिगंबररावांचा फार राग आला. अजून येतो.

पुढं मात्र ते घरातसुद्धा 'मी' म्हणू लागले. वहिनी एकदा म्हणाल्या, "कुनी परका मानूस बोलायलाय असं वाटतंय बघा..."

तेराव्याला सोपान आला. केस पांढरे झालेले. पंगतीत माझ्या शेजारीच बसला आणि हळूच म्हणाला, "आमी म्हंजे मी येकलाच, हे वकीलसायबाला ठाव व्हतं का?"

"होतं," मी म्हणालो.

"अन् तुमाला?"

मी होकारार्थी मान हलवली. त्याच्यापुढं पान वाढून झालं होतं. तो घासही न घेता उठला, दारातल्या चपला पायांत सरकवल्या आणि एसटी स्टँडकडं चालू लागला.