आत्याच्या जांभळीचं खरं

कुऱ्हाड घेऊन दारात आलेल्या माणसाला आत्या आधी पाणी द्यायची.

तो तांब्या तोंडाला लावेपर्यंत त्याची कुऱ्हाड उचलून घरात ठेवून यायची.

"राहू दे आत. जाताना घेऊन जा."

आज तिला जाऊन तारखेनं एक वर्ष झालं. तिथीचं श्राद्ध गेल्या आठवड्यात साखऱ्याला, आमच्या गावी झालं. आज हिंगोलीच्या या तिच्या घरात मी एकटीच आहे. एक गोष्ट वर्षभर कुणाला सांगितली नव्हती, ती लिहायची आहे. ही पोस्ट तीनदा लिहून डिलीट केली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लहानपणी मी शाळेच्या फाटकाशीच रडून उलटी करायचे, म्हणून बाबांनी मला तिच्याकडे आणून ठेवलं. माझी शाळेची पहिली दोन वर्षं तिच्या अंगणातच झाली. अक्षरं फरशीवर, खडूनं. पाढे झाडांना पाणी घालता घालता.

झाडं तीन. कडुलिंब, आंबा आणि जांभूळ. सावली जांभळीचीच जास्त.

आणि ती तोडायला कुणी ना कुणी येतच असायचं. होळीला लाकूड पाहिजे, शेळीला पाला पाहिजे.

शेजारचे काका एकदा म्हणाले, "बाई, तुमची पानं आमच्या नालीत पडून राहिलीत. तोडून टाका ते झाड."

"तुमचा नातू बी परवा नालीत पडला व्हता," आत्या म्हणाली. "त्याचं काय केलं तुमी?"

काका हसत आत गेले. पुढचे चार दिवस आत्यानंच त्यांची नाली झाडली.

नाही म्हणायची नाही ती फक्त लग्नाच्या मांडवाला.

आमच्याकडे मांडवावर जांभळीचे डहाळे टाकतात. ते मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. पण कोणती फांदी द्यायची, ते तीच ठरवायची. त्या फांदीला चिंधी बांधायची, तोडायला घरचा कोयता द्यायची. आणि तोडणं संपेपर्यंत झाडाखालून हलायची नाही.

"काहून उभी राहतेस उन्हात?" मी एकदा विचारलं.

"मालक समोर असला की माणूस बराबर तेवढंच तोडतो. मालक आत गेला की त्याला सगळं झाड दिसतं."

मागच्या वर्षी आत्या नांदेडला दवाखान्यात होती. बाबा तिच्याजवळ. घर माझ्यावर.

पलीकडच्या गल्लीतले दोघं आले.

"ताई, बहिणीचं लग्न हाय परवा. डहाळे पाहिजेत मांडवाला."

मी पाणी दिलं. दोन फांद्यांना चिंध्या बांधल्या. सगळं तिच्यासारखं केलं.

कोयता मात्र दिला नाही, त्यांची कुऱ्हाड मागितली नाही. वयानं मोठी माणसं, त्यांच्या हातातून कशी घ्यायची? लाज वाटली.

तेवढ्यात बाबांचा फोन. "जुन्या रिपोर्टची फाईल शोध. फोटो काढून पाठव, डॉक्टर थांबलेत."

मी आत गेले. फाईल सापडेना. कपाट, ट्रंक, देव्हाऱ्याखालचा खण. पाऊण तास गेला.

घाव ऐकू येत होते. फांद्याच तोडताहेत, असं मी स्वतःला सांगत राहिले.

फांदीवरच्या घावाचा आवाज आणि बुंध्यावरच्या घावाचा आवाज वेगळा असतो. हे मला माहीत होतं.

बाहेर आले तेव्हा झाड आडवं पडलं होतं. फुलोऱ्यासकट.

"आचाऱ्याला बी लाकूड लागंल ना, ताई," एक जण म्हणाला. "अन् तुमी काही बोलला न्हाईत. तसं आतून पोकळच व्हतं ते."

पोकळ नव्हतं. मी जवळ जाऊन पाहिलं.

तरी मी "बरं" म्हणाले.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"जांभळीखाली झाडलं का गं?"

"हो."

"पाणी घातलं?"

"घातलं."

"तुझ्या भरवशावर सोडून आले बरं, लेकरा."

झाडलं होतं. भुसा झाडला होता. पाणी घातलं होतं, आंब्याला. म्हणजे मी खोटं बोलले नाही, अशी स्वतःची समजूत मी कितीतरी दिवस घातली.

चौथ्या दिवशी ॲम्ब्युलन्स दारात आली.

भर दुपार. आत्याला अंगणात ठेवलं. ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. मग चौघांनी चार कोपरे धरून ताडपत्री धरली.

"इथं जांभूळ व्हती ना?" कुणी तरी बाई म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं काहीच नाही.

तेव्हापासून डहाळे मागायला कुणी येत नाही. फाटक दिवसच्या दिवस वाजत नाही. वाजलं की मी धावत अंगणात येते. नाही वाजलं तरी बरं वाटत नाही.

आज सकाळी वाजलं. विजेच्या लाईनवरचे दोघं. पावसाळ्याआधी तारांजवळच्या फांद्या काढत होते.

"ताई, लिंब अर्ध्यातून काढावा लागंल."

"तारेला लागते तेवढीच काढा. मी दाखवते."

"आता तुमी शिकवणार का आमाला?"

"व्हय."

दुसरा हसला. "बरं, दाखवा अन् आत जाऊन बसा. ऊन लागंल."

"इथंच ठीक आहे."

आत फोन वाजायला लागला. आजच्या दिवशी बाबांचाच असणार. दोनदा पूर्ण वाजून बंद झाला.

मी हलले नाही.

एक फांदी खाली आली. एकच.

ते गेल्यावर मी बाबांना फोन लावला. लिंबाचं सांगितलं. मग थांबले. मग जांभळीचं सांगितलं, फाईलपासून "घातलं" म्हणाले तिथपर्यंत सगळं.



"मला काहून सांगतेस?" बाबा म्हणाले. "तिला सांग."

आत्या, तुझी जांभूळ मला राखता आली नाही. तू विचारलंस तेव्हा मी खरं बोलले नाही.

तुला मनापासून नमस्कार.