भिंतीकडे तोंड करून

कल्पना करा, तुम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आहे. पाठीमागे ओळखीचीच माणसं बसली आहेत. त्यातल्या कितीतरी जणांना तुम्ही स्वतः एअरपोर्टवरून आणलंय. आता ती तुमच्यासाठी हात वर करणार, किंवा करणार नाहीत. वळायचं नाही. कुठे खुर्ची करकरते, कुठे जाकिटाची बाही सळसळते, तेवढंच ऐकायचं.

२००८ च्या ऑगस्टमध्ये, न्यूझीलंडमधल्या जॉन्सनव्हिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये भानुदास असा उभा होता. मराठी मंडळाचा अध्यक्ष निवडायचा होता. शेजारी दुसरा उमेदवार, देवव्रत.

भानुदास मूळचा अकोल्याचा, पुलांचं डिझाइन करणारा इंजिनिअर. मंडळाच्या खुर्च्या मांडायच्या त्याने, हॉलच्या चाव्या सांभाळायच्या त्याने, गणपतीचं मखर उभारायचंही त्यानेच. श्रीनाथ पुण्याहून नवा आला तेव्हा नोकरी लागेपर्यंत त्याच्याच घरी राहिला. उभं राहायचा आग्रहही श्रीनाथचाच. "भानूदादा, लीडर म्हणजे काम करणारा माणूस. भाषणं काय, कुणीही ठोकतं."

भाषणं झाली. मग मावळत्या अध्यक्षा वसुंधराताईंनी हळूच विचारलं, "भानुदास, आपल्याकडे गणपतीच्या पूजेला अध्यक्षच जोडीने बसतात. तुमचं कसं?"

सगळ्यांना माहीत होतं. आजवर कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

"ताई, आम्ही बौद्ध आहोत. मी बसणार नाही. ज्यांची इच्छा असेल त्यांनी बसावं. मखर मात्र मीच लावीन, दरवर्षीसारखं."

"छे छे, मी आपलं सहज विचारलं हो! आपल्यात कुठे असलं काही?"

देवव्रत हसत म्हणाला, "मला सोवळं नेसता येत नाही, पण शिकेन. सुटलं तर सांभाळून घ्या!" हशा पिकला. टाळ्याही पडल्या. हा गृहस्थ मंडळात फक्त दिवाळीच्या जेवणाला दिसायचा.

मग दोघांना भिंतीकडे वळवलं. भानुदासचं नाव पुकारलं, तेव्हा मागे फारसा आवाज झाला नाही. देवव्रतचं पुकारल्यावर खुर्च्या करकरल्या.

"देवव्रत, अभिनंदन!" वसुंधराताईंनी आकडे सांगितले नाहीत. उगाच मनं दुखावतात म्हणे. भानुदास वळला तेव्हा सगळे हात मांडीवर होते. पहिल्या रांगेतली त्याची बायको कांचन जमिनीकडे बघत होती.

"मी मागे बघितलंच नाही," ती पुटपुटली. "हिंमतच झाली नाही."

श्रीनाथ लगबगीने आला. "सॉरी दादा, लोकांना कळत नाही. देवव्रत म्हणतोय, चाव्या तुमच्याकडेच राहू द्या. आणि मखराचं बघाल ना?"

भानुदास खुर्च्या एकावर एक रचू लागला. त्याची मुलगी आरुषी दारातून म्हणाली, "डॅड, व्हाय यू? लेट देम डू इट."

घरी जाताना श्रीनाथ नेहमीप्रमाणे त्याच्याच गाडीत, पुढच्या सीटवर बसला. मागे मायलेकी बसल्या. बाहेर तिथल्या हिवाळ्यातलं, दक्षिण ध्रुवाकडून येणारं बोचरं वारं सुटलं होतं. रेडिओवर देशाच्या निवडणुकीची चर्चा चालली होती.

"मला विचाराल तर," श्रीनाथ म्हणाला, "पंतप्रधान कसा, आपल्यातला वाटला पाहिजे."

भानुदासने गिअर बदलला. प्रश्न ओठांवर येऊन थांबला होता. श्रीनाथचं घर आलं. तो उतरला, "थँक्स दादा" म्हणाला, आणि निरोपाला त्याने हात वर केला.

मघाशी हा हात कुणासाठी वर गेला होता?