छोट्या बाईंचे तीन गट

शाळेत पाय ठेवला की दोन वह्या सुरू होतात. एक पाठ टाचणाची, जी आपण लिहितो आणि सर तपासतात. दुसरी किश्श्यांची, जी कुणी लिहीत नाही आणि तरी तीच आधी भरते! माझी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप लकडगंजकडच्या एका शाळेत झाली, चौथीच्या वर्गावर. चारच महिने. पण आता मैत्रिणी विचारतात, "शेवटचा पाठ कसा झाला गं?" तेव्हा मला चांगला की वाईट हे एका शब्दात सांगता येत नाही. निकाल लागायचा आहे. तोवर किस्सेच ऐका.

आधी एक सांगून ठेवते. पहिल्या वर्षी माझ्या गणिताच्या पाठावर लाल पेनानं शेरा आला होता, 'पाठ पुन्हा घ्यावा.' या वेळीही तोच शेरा आला तर अख्खं वर्ष पुन्हा, म्हणजे आणखी एक वर्ष रोज सकाळी उमरेडहून एसटी. आणि गणिताची मला मी स्वतः चौथीत होते तेव्हापासून भीती वाटते. हे मी कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नाही.

*

आम्हाला गणिताची पद्धत शिकवायला देशकर सर. त्यांनी एके दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'स्तरनिहाय अध्यापन.' मग सांगितलं, प्रत्येक मूल वेगळं असतं, प्रत्येकाची समजण्याची गती वेगळी असते, म्हणून एकाच वर्गात ज्याला त्याला त्याच्या पातळीचं गणित द्यायचं. सगळ्यांना एकच माप लावायचं नाही.

माझी मैत्रीण प्रणाली उभी राहिली. "सर, समजलं नाही."

सरांनी चष्मा वर केला आणि तोच परिच्छेद पहिल्यापासून सांगितला. शब्द तेच, फक्त आवाज मोठा! "आता?"

"नाही सर."

"मग सगळ्यांनी हे घरून दहा वेळा लिहून आणा."

आम्ही चाळीस जणांनी दहा-दहा वेळा लिहिलं. ज्यांना समजलं होतं त्यांनीही! मला समजलं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही.

*

शाळेत आमच्या वर्गाच्या मूळ शिक्षिका गजभिये बाई. पोरं त्यांना 'मोठ्या बाई' म्हणत आणि मला 'छोट्या बाई'. पहिल्याच आठवड्यात मी एकतीस मुलांची छोटी चाचणी घेतली आणि त्यांचे तीन गट पाडले. भागाकार येणारे, वजाबाकीपर्यंत पोचलेले, आणि अजून दशक-एककातच अडकलेले. आता गटांना नावं काय द्यायची? 'हुशार' आणि 'कच्चे' म्हणायचं नाही, हे मी दहा वेळा लिहिलं होतं.

मला वाटलं, आपल्या नद्यांची नावं देऊ. परिसराशी नातं जोडलं जाईल! पहिला गट पेंच, दुसरा कन्हान, तिसरा नाग. रात्री रंगीत पाट्या केल्या, प्रत्येकीवर निळ्या लाटा काढल्या. मी उमरेडची. नकाशात नाग नदी निळीच असते की!

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी गौरीची आई दारात उभी. गौरी तिसऱ्या गटातली, शांत मुलगी. आई मिरचीबाजारात मिरच्या निवडायच्या कामाला जाते, कामावर जाताजाताच आली होती.

"बाई, माह्या पोरीले तुमी नाल्यात काहून टाकलं?"

मी घाईघाईनं म्हणाले, "नाल्यात नाही हो ताई, नदीत!"

त्या माउलीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आमचं घर त्याच्याच काठावर हाय. वास आमाले येते, तुमाले नाही. आमी बाजारात मिरच्या निवडतो ना, तर खराब मिरचीले बी नाल्यात नाही टाकत!"

मला फार लाज वाटली. गजभिये बाईंनी त्या दिवशी पाट्या काढून कपाटात ठेवल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नावं पाहिजेच कशाले वं? पाटीवर नको, कागदावर नको, कुठंच काही लिहू नको. कोणाले काय द्यायचं ते तुले माहीत हाय ना? मंग झालं!"

तेव्हापासून माझ्या कागदांवर गटाची कसलीच खूण नसायची. वर्कशीटचे तीन गठ्ठे, दिसायला सारखे. कोणता कुणाचा, हे फक्त मला ठाऊक. हा सल्ला पुढे केवढ्याला पडणार होता, ते तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

*

वर्गात तेजस नावाचा एक आहे. पाढे तोंडावर, भागाकार बोटांवर. पंधरवड्यानं मी पुन्हा चाचणी घेतली, तर पठ्ठ्याची सगळी गणितं चूक! सात अधिक पाच, उत्तर एकवीस. मी घाबरले. म्हटलं, माझ्या शिकवण्यानं येत होतं तेही गेलं! दोन दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं.

शेवटी त्याला जवळ घेऊन विचारलं, "तेजस, बरं वाटत नाही का रे?"

"बरं हाय."

"मग सात आणि पाच एकवीस कसे?"

तो खिडकीकडे बघत राहिला. खिडकीजवळ तिसरा गट बसायचा. त्यांना दशक समजावेत म्हणून मी चिंचोके दिले होते, आइस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या, आणि ती मंडळी मांडी घालून चिंचोक्यांच्या राशी लावत बसली होती. तेजसच्या गटाला मी काय दिलं होतं? वर्कशीट. ती संपली की दुसरी वर्कशीट.

"आमाले सारं येते म्हणून आमाले काहीच नाही," तो म्हणाला. "मी कितीक गणितं चुकवू म्हंजे मले तिकडं बसवान?"

हा प्रश्न मी टाचणवहीत 'विद्यार्थ्यांचे प्रश्न' या रकान्यात लिहिला. देशकर सरांनी त्यापुढे फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

*

दुपारी खिचडी वाढायला गजभिये बाई स्वतः उभ्या राहतात. डाव एकच, पण ताटं बघाल तर एकासारखं दुसरं नाही. कुणाला पळीभर, कुणाला दोनदा, कुणाला वरचं पातळ, कुणाला खालचं घट्ट. एकाही पोराला विचारत नाहीत आणि एकही पोर ताटात टाकत नाही. मी आठवडाभर बघत होते. मग न राहवून विचारलं, "बाई, यालाच स्तरनिहाय म्हणायचं ना?"

बाईंनी डाव थांबवला. "याले खिचडी म्हणते, पोरी. गरम हाय तवर खाऊन घे."

*

भागाकाराच्या वेळी मी एकच गणित तिन्ही गटांना दिलं. तेरा बोरं, चौघांत सारखी वाटा. पहिल्या गटानं वहीत सोडवायचं, दुसऱ्यानं चित्र काढून, आणि तिसऱ्याला मी खरीच बोरं आणली होती.

गौरीचं एक आहे. कोणतंही नवं गणित समोर ठेवलं की ती आधी हात मागे घेते आणि हळूच म्हणते, "मले पयले सोपा द्या. मंग येते." आणि खरंच येतं! चार बोरं दोघांत वाटायला दिली, मग आठ चौघांत, आणि मग तेरा तिनं स्वतःहून घेतली. चारही मुलांपुढे तीन-तीन ठेवली. उरलेलं एक उचलून तिनं माझ्या टेबलावर ठेवलं.

तेजसचं उत्तर होतं, 'भागाकार तीन, बाकी एक.' गौरीनं वहीत लिहिलं, 'भागाकार तीन, एक बाईले.'

आता हे बरोबर धरायचं की चूक? मी पेन हातात धरून बसले. देशकर सर म्हणाले, "चूक. बाकी कुणाला देता येत नाही." गजभिये बाई म्हणाल्या, "बरोबर हाय. बाकी राहिलं म्हंजे कोणाच्या तरी हातात राहीनच ना!" मी बरोबरची अर्धी खूण केली आणि बोर खाऊन टाकलं.

*

शेवटच्या पाठाची सकाळ. बाहेरचे परीक्षक येणार होते. मी रात्री तीन गठ्ठे लावून पिशवीत ठेवले, वर तेजसच्या गटासाठीसुद्धा चिंचोके घेतले, चांगले शंभर मोजून. एसटी उमरेड सोडून थोडी पुढे गेली आणि एका खड्ड्यात माझी पिशवी टरकन फाटली. चिंचोके सगळ्या बसभर!

कंडक्टर भला माणूस. त्यानं विचारलं, "मॅडम, किती होते?"

"शंभर."

त्यानं बेल वाजवली. "कोणी उतरायचं नाही गा! मॅडमचे शंभर व्हायचे हायेत!"

अख्खी बस सीटखाली वाकली. कुणी दहा-दहाच्या राशी केल्या, कुणी ओंजळीत आणून दिले. अठ्ठ्याण्णव मिळाले. एका आजोबांनी माझ्या विखुरलेल्या वर्कशीट गोळा केल्या, धूळ झटकली, कडा जुळवल्या आणि प्रेमानं माझ्या हातात दिल्या. "घे बेटा, सारे कागद एकजागी नीट लावून देल्ले."

मी त्यांना नमस्कार केला. त्या कागदांवर कसलीही खूण नाही, हे मला त्या क्षणी आठवलंच नाही.

*

परीक्षक मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. गोरे, कडक इस्त्रीचे, मांडीवर फाइल. गजभिये बाई दारात. मी गाणं घेतलं, उजळणी घेतली, कागद वाटले आणि म्हणाले, "करा सुरुवात!"

अर्ध्या मिनिटात तेजस उभा राहिला. चेहरा नुसता उजळलेला. "छोट्या बाई, मी पास झालो का? मले सोपं आलं!"

त्याच्या कागदावर होतं, 'दहाचे गट करा.' बसमध्ये तिन्ही गठ्ठे एकात मिसळले होते! मी खिडकीकडे धावले. तिथे कुणापुढे भागाकार, कुणापुढे वजाबाकी. गौरीपुढे सगळ्यात अवघड कागद, जो मी तेजससाठी केला होता. तिनं हात मागे घेतलेले. मी कुणाचा कागद काढून कुणाला देऊ तेच मला कळेना. एकतीस मुलं, तीन प्रकार, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. परीक्षकांचं पेन मात्र भराभर चाललं होतं. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात परीक्षक उठले आणि नेमके गौरीपाशी जाऊन वाकले. "का गं बाळ, सोडवत का नाहीस?"

"हा कागद माहा नाही," गौरी म्हणाली. "बाईचा चुकला."

"असं? तुमच्या बाई नेहमी चुकतात?"

दारातल्या गजभिये बाईंनी पदर तोंडाला लावला. गौरीनं थोडा विचार केला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मग परीक्षकांच्या कानाशी जाऊन, पण सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं,

"त्याईले अजून पुरतं नाही येत, सर. तुमी त्याईले पयले सोपा पाठ द्या ना. मंग येते!"