एल्सीचा परकर

अठ्ठावीस सालचा फाल्गुन सरत आला होता. सोलापुरात सकाळी सातलाच ऊन चटके देत होतं. गिरणीतल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यापुढं सारजाबाईनं टाकलेला सडा ती पाठ वळवते तोवर वाळूनही गेला. मग ती मागच्या पडवीत तांदळाचं सूप घेऊन खडे वेचायला बसली, पण हात चालेना. उद्या साहेबाची पोर एल्सी चालली होती. सातासमुद्रापार, आजीच्या गावी, शाळेला.

सहा वर्षं सारजाबाईनंच तिला कडेवर वाढवलं. पोरीची बोलीसुद्धा सारजाबाईची, पक्की वळसंग गावची. आजीनं पत्रातून लिहिलेली गोष्ट तिनं गेल्या थंडीत सारजाबाईला सांगितली होती.

"आज्जीच्या गावात घरात एक इतकुसा तांबडा बुटका ऱ्हातोय, आया. कुनी उठायच्या आत समदं काम करतोय. त्येला वाटीभर दूध ठिवायचं. न्हाय ठिवलं तर भांडी आपटतोय!"

"आन पगार?"

"पगार न्हाय. कापडं तर द्यायचीच न्हाईत. दिली की घालतोय आन निघून जातोय. कायमचा."

"अगं बया! आमच्यात लुगडं दिलं तर मानूस दुसऱ्या सनाला हक्कानं येतंय की."

त्या दिवसापासून पोरगीच बुटका झाली. सारजाबाई पाण्याला गेली की मागं सूप निवडून तयार, दुधाची वाटी रिकामी. दूध विसरलं तर साखरेच्या डब्यात मीठ. सारजाबाईची कूस कधी उजवली नव्हती. तिचा जीव भरून आला. संक्रांतीला तिनं खणाचं परकर-पोलकं शिवलं. एल्सीनं ते घालून गिरकी घेतली.

"आता मला जायाला पायजे, आया!"

दोघी पोट धरून हसल्या. पंधरा दिवसांनी बोटीची तिकिटं आली. आपणच कापडं दिली म्हणून पोर चालली, हे तेव्हापासून सारजाबाईच्या मनातून जाईना.

आता सूप तसंच टाकून ती उठली, ट्रंक भरणाऱ्या मडमेपुढं उभी राहिली.

"बाईसाब, पोरीचं परकर-पोलकं तेवढं माघारी द्या."

आठवणीला मागत असेल, असं मडमेला वाटलं. वरच घडी करून ठेवलेलं तिनं काढून दिलं. सारजाबाईनं लिंबाखाली बसून टाका न् टाका उसवला. कापडंच राहिली नाहीत तर पोर जाईल कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा आला.

"आया, माजा परकर कुटं हाय?"

"उसवला, बाय."

"का?"

"तू जाऊ नगंस म्हनून."

पोरगी ओठ काढून रडायला लागली. "आता आज्जीला मी काय दाखवू?"

मडमेनं तिला उचललं. मोडक्या मराठीत म्हणाली, "सारजा, ही जन्मली तेव्हाच हे ठरलं होतं." तिचेही डोळे सुजलेले होते.

टांगा गेला. सारजाबाई पडवीत आली. पहाटे सवयीनं ठेवलेल्या दुधावर साय धरली होती. कालचं सूप तसंच पडलं होतं, कुणी हात लावला नव्हता. तिनं ते पुढ्यात ओढलं, एक खडा वेचला, बाजूला टाकला. मग दुसरा.