गावाचा रकाना

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. जालन्यात तेव्हा ज्याला माऊस धरता येई तो इंजिनिअर, आणि ज्याला इंटरनेटवर फॉर्म बनवता येई तो शास्त्रज्ञच. मी शास्त्रज्ञांत मोडत होतो. आमच्या मालकांच्या कम्प्युटर सेंटरनं एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज इंटरनेटवर आणायचं काम घेतलं होतं. का, तर कागदी अर्ज मागासलेला दिसतो. वीज दिवसातून कितीदा जायची ते विचारू नका, ती गोष्ट वेगळी.

काम दोघांत वाटलं होतं. अर्जाचं पान माझ्या सहकारी बाईंनी केलं. त्या पानातून येणारी माहिती उचलून जागच्या जागी लावणारा कंट्रोलर मी लिहिला. फ्रेमवर्क नावाचं नवं प्रकरण आम्ही पुस्तकावरून शिकलो होतो. त्याची कमाल अशी, की पानावरच्या रकान्याचं नाव आणि कंट्रोलरमधलं नाव एकच असलं, तर माहिती आपोआप येऊन बसते. नाव वेगळं असलं तर बसत नाही, आणि तसं कुणाला सांगतही नाही. घरात आपण जिरं मागितलं आणि डब्यावर 'जीरा' लिहिलेलं असलं, तरी जिरंच हातात पडतं. फ्रेमवर्कला एवढी अक्कल नसते, म्हणून तर त्याला आधुनिक म्हणायचं.

बाईंनी 'गाव' हा शब्द इंग्रजी अक्षरांत पाट्यांवर असतो तसा लिहिला: जी, ए, ओ, एन. मी पडलो उच्चाराचा अभिमानी. मी लिहिला जी, ए, व्ही. एकमेकांना विचारावं असं दोघांनाही वाटलं नाही. 'गाव' हा शब्दही विचारून लिहायचा, तर मग शिकलो कशाला?

वर मी आणखी एक हुशारी केली. गाव रिकामं आलं तर तिथं 'जालना' घालावं, अशी एक ओळ कंट्रोलरमध्ये टाकून दिली. रिकामा रकाना बरा दिसत नाही. मग चाचणी घेतली. माझं नाव लिहिलं, गाव जालना लिहिलं, बटण दाबलं. उत्तर आलं, जालना. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि चहा मागवला.

बहुतेक मुलींनी नेहमीसारखे कागदी अर्ज दिले, ते कारकुनांनी हातानं यादीत घेतले. सात जणींनी मात्र आमच्या विज्ञानावर भरवसा ठेवला. यादी लागली तेव्हा त्यात या सातही नव्हत्या. नियम साधा होता: जालन्याच्या मुलीला वसतिगृह नाही.

सहा घरांनी नशिबाला बोल लावला असावा. सातवीचे वडील पिंपळगाव रेणुकाईहून मुलीला घेऊन थेट कॉलेजात आले, आणि कॉलेजनं त्यांना आमच्याकडे धाडलं. मी त्यांना समजावलं की कम्प्युटर चुकत नाही, माणसं चुकतात. हे वाक्य आम्ही तेव्हा दिवसातून चारदा तरी वापरायचो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि माझं गाव विचारलं. जालनाच, मी म्हणालो.

"मंग तुम्हाला न्हाई कळायचं," ते म्हणाले. "खोली न्हाई भेटली तर हिचं कॉलेज बंद. रोज येणं-जाणं हिच्या आईला बिलकुल मंजूर न्हाई. माझ्यासमोर हिनं गाव लिव्हलं, ते गेलं कुठं तेवढं सांगा."

 मुलीनं भरलेल्या पानाची छापील प्रत पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवली. पिंपळगाव, इंग्रजी अक्षरांत. शेवटी जी, ए, ओ, एन. त्या चार अक्षरांकडे बघता बघता मला माझी तीन अक्षरं आठवली. बाईंचं पान उघडलं, माझा कंट्रोलर उघडला. सातही गावं मीच गिळली होती आणि वर जालन्याचा शिक्का मारला होता.

दुरुस्तीला मिनिटही लागलं नाही. मालक म्हणाले, लाईन बंद होती असं सांगून मोकळा हो. एरवी मी झालोही असतो. पण ती मुलगी तिथंच बसून होती, आणि मला खरोखर लाज वाटत होती. मी तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन वसतिगृहाच्या बाईंकडे गेलो आणि चूक माझी आहे, असं सांगितलं.

बाई म्हणाल्या, दुसरी यादी लावते, पण आधी माझ्यासमोर चालवून दाखवा. मी नाव लिहिलं आणि सवयीनं 'जालना' लिहायला गेलो. हात थांबला. जालना लिहून काहीच कळणार नव्हतं. पहिल्या दिवशी तेच लिहिलं, म्हणून तर चूक लपली होती. मी ते खोडलं आणि गेल्या दहा वर्षांत कुठल्याच अर्जात न लिहिलेलं माझं जन्मगाव लिहिलं. बटण दाबलं. उत्तर आलं, राजूर.

बाईंनी सातही नावं घेतली. हॉलमध्ये जादा खाटा टाकू म्हणाल्या. मुलीचे वडील अजून पडद्याकडेच बघत होते.

"राजूर? म्हंजे आपल्याच तालुक्यातले की तुम्ही," ते म्हणाले. "हिचं गाव कम्प्युटरनं खाल्लं, बराबर. तुमचं कुणी खाल्लं होतं?"