हाताने भरलेली काडतुसे

इतकी वर्षे लोटली, पण ते प्रकरण अजून मनातून जात नाही. महायुद्ध संपून पलटणीतली माणसे घरी परतत होती, तेव्हाची गोष्ट. मी मेढा ठाण्यात फौजदार होतो.

एका सकाळी डोंगराकडच्या गावचा पोलीस पाटील वर्दी घेऊन आला. रानडुकरावर झाडलेली गोळी लागून रजेवर आलेला एक तरुण शिपाई ठार झाला होता. गोळी झाडणारा त्याच्याच आळीतला, बरोबरीचा. रायफल मात्र झाडणाऱ्याच्या थोरल्या भावाची. थोरला पलटणीतला पेन्शनर हवालदार, नावाजलेला नेमबाज. पिकाच्या राखणीसाठी त्याला परवाना मिळालेला. युद्धामुळे काडतुसे मिळेनात, म्हणून तो झाडलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवी आणि पुन्हा भरी. दारू सोनाराच्या काट्यावर तोलून घाली. पलटणीच्या काडतुसांपेक्षा त्याची नेमकी जातात, असे पंचक्रोशीत बोलले जाई.

पंचनाम्याच्या वेळी तो स्वतःच पुढे आला. "साहेब, चूक माजी हाय. दारू कमी-जास्त पडली, गोळी भरकटली. पोराचा काय बी दोष न्हाई."

धाकट्यानेही तोच जबाब दिला. मी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि रायफल व उरलेली काडतुसे जप्त केली.

पुढच्या बाजारच्या दिवशी माणदेशातून कळप घेऊन आलेला एक मेंढपाळ ठाण्यासमोर घुटमळत होता. शिपायाने त्याला आत आणले. पोलिसांकडे आपणहून येणारा माणूस आधी भलतेच काही बोलतो. त्याला घाई करू नये. चारापाण्याचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आवं साहेब, तितं डुक्कर नव्हतंच. माजा कळप वरच्या अंगाला बसला हुता. डुक्कर असतं तर माजी कुत्री गप बसली असती व्हय?"

मी साध्या वेशात गावात जाऊन आलो. धाकट्याला भरतीत छाती कमी भरली म्हणून परत पाठवले होते. त्याच्या वयाची पोरे वर्दी घालून गेली, हा मागे राहिला. घटनेच्या आदल्या दिवशी मृताने पारावर सगळ्यांदेखत त्याला म्हटले होते, "तू बायकांत बसून नाचणी निवड रं गड्या." सगळा पार हसला होता.

दोघा भावांना ठाण्यात आणून वेगवेगळे बसवले. थोरला एकाच वाक्यावर अडून राहिला, "माजंच भरणं चुकलं."

तेव्हा काडतुसे खरेच भरकटतात का हे पाहायला वरिष्ठांच्या परवानगीने त्याला साताऱ्याला, मुख्यालयाच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर नेले. तिथल्या जमादाराने त्याच रायफलीतून उरलेली काडतुसे एकेक करून झाडली. लक्ष्याचा कागद आणला, तर सगळी भोके एका तळहाताखाली झाकली जातील अशी.

"शाब्बास!" जमादाराच्या तोंडून निघून गेले. थोरल्याने पलटणीत हा शब्द कितीदा तरी ऐकला असेल. त्या दिवशी मात्र त्याने कागद उलटा करून ठेवला. "एखादी तरी चुकायला हवी हुती, साहेब," एवढेच म्हणाला.

ठाण्यात परतल्यावर मी तो कागद धाकट्यासमोर ठेवला. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. त्याने कागद जवळ ओढून भोके मोजली.

"दादा अजून सवताकडंच घेतोय?"

"होय."

"दादाचं काडतूस कवाच कच्चं निघत न्हाई. मीच त्याच्यावर नेम धरला. कानात नुसतं ते हसनं वाजत हुतं."

पुढे मॅजिस्ट्रेटसमोर त्याने हेच सांगितले. सेशन्स कोर्टात त्याला जन्मठेप झाली, थोरल्याचा परवाना रद्द झाला. निकालानंतर कोर्टाच्या आवारात मी थोरल्याकडे त्यांच्या आईची विचारपूस केली.

"भाकरी वाढती, पर बोलत न्हाई. एकदाच म्हनली, खोटं बोलून बी लेकरू वाचवता आलं न्हाई तुला."

नोकरीत खोटे बोलणारी माणसे पुष्कळ पाहिली. बहुतेक भीतीने बोलत, काही लोभाने. मायेपोटी बोललेले खोटे फोडणे सर्वांत अवघड असते, आणि ते फुटल्यावर कुणालाच बरे वाटत नाही. तरी तपास योग्यच झाला होता. मेलेल्यालाही आई होती आणि आपले पोर कसे गेले हे तिला कळायलाच हवे होते. हे मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. पण योग्य काम केले की मन हलके होते, असे मी नव्या शिपायांना नेहमी सांगत असे. त्यानंतर ते सांगणे मी सोडून दिले.