वांग्याचं भोक

सेक्टर दहाच्या बागेत मी वांगं समोर ठेवून त्याचं चित्र रंगवत होते. वनस्पतिचित्रांच्या वर्गातलं माझं पहिलंच चित्र, दुसऱ्या दिवशी दाखवायचं होतं. शेजारी सत्तरीच्या एक अनोळखी बाई येऊन टेकल्या. आधी त्यांनी खरं वांगं अंगठ्यानं दाबून पाहिलं, मग चष्मा सावरत चित्रावर वाकल्या.

"किडकं कावून काढलं वो? भोकबी दाखवलं!"

"काकू, यात जसं दिसते तसंच काढा लागते."

"मंग पाहुण्याईले दाखवू नको. म्हणतीन, हिच्या घरी असंच रांधते."

मला हसू आवरेना. त्या मात्र विचारात पडल्या.

"जसं दिसते तसंच? सुरकुत्याबी?"

"हो, सुरकुत्याबी."

"मंग मायं चित्र नको काढजो बाई," म्हणत त्यांनी तोंड फिरवलं.

जरा वेळानं पाहते तर बाई माझ्याकडे वळून, पदर नीटनेटका करून, मान ताठ धरून बसलेल्या.

"चष्मा राहू देऊ," ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "का काढू?"

मला माणसं काढता येत नाहीत, हे सांगायचा धीर झाला नाही. "राहू द्या," म्हणत मी कोरं पान उघडलं.